गंध लावलेली तबकडी

वस्तूंशी इतक्या अदबीने वागणारा माणूस कावेरीच्या काठावर दुसरा झाला नाही, आणि आता होईल असं मला वाटत नाही. माणसांशी अदबीने वागणारे पुष्कळ असतात, त्यात थोडाफार स्वार्थही असतो. पण आमचे धाकटे मामंजी खुंटीवर आपली छत्री अडकवण्याआधी तिथे असलेल्या छत्रीला ‘थोडकें सर बाई’ म्हणायचे, आणि ती सरल्यावरच आपली लावायचे. घरात नवी वस्तू आली की तिला गंध लागल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कुकर आला, कुकरला गंध. मिक्सर आला, मिक्सरला गंध. आता हे पुष्कळ घरी करतात म्हणाल, तर थांबा. विजेचा नवा बल्ब लावायचा तरी हे आधी सहाणेवर चंदन उगाळायला बसणार, आम्ही सगळे अंधारात उभे. नव्या टूथब्रशलासुद्धा गंधाचं बोट लागायचं. त्यामुळे ब्रश बदलला त्या सकाळी आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडाला चंदनाची चव असायची. एखादी वस्तू बिघडली तर ‘बिघडली’ म्हणायची सोय नव्हती. ‘दमली आहे’ म्हणायचं. आमचा रेडिओ तर निदान दहा वर्षं दमलेला होता, पण त्याच्यावरचं भरतकाम केलेलं फडकं दर शुक्रवारी धुतलं जायचं.

धाकटे मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे. मी मूळची कऱ्हाडची. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन कुंभकोणमला आले, ती दोन ट्रंका आणि पुष्कळसं रडू घेऊन. सासरची मंडळी तंजावरच्या मराठी राज्याच्या वेळी तिकडे गेलेली आणि तिकडचीच झालेली. घरात मराठी बोलायची, पण ती अशी, की सुरुवातीला मला वाटायचं हे लोक ठरवून माझी थट्टा करतायत. ‘जेवण जाहलें काय?’, ‘कोठें गेली होतीस?’ असं विचारायचे, मध्येच चार तमिळ शब्द पेरायचे, आणि मी ‘झालं’ म्हटलं की माझंच मराठी ऐकून हसायचे. धाकट्या मामंजींची बायको फार लवकर गेली होती. मूलबाळ नव्हतं. ते आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायचे. मी रडवेली होऊन न्हाणीघरात तोंड धुताना त्यांनी एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘मुली, तुज टायपिंग येतें ना? माझे संगें ऑफिसांत चल. तेथें तमिळ शिकशील, आणि मजही बोलावयास कोणी मिळेल.’ माझ्या सासूबाई काही म्हणायच्या आत त्यांनी माझ्यासाठी नवी छत्री आणून तिला गंधसुद्धा लावून ठेवलं होतं. गंध लावलेल्या वस्तूला परत पाठवायची आमच्या घरी रीत नव्हती. म्हणून मी नोकरीला लागले.

ऑफिस म्हणजे काय, बाजाराच्या रस्त्यावर एका भांड्यांच्या दुकानावरचा माळा. मद्रासच्या एका कंपनीची शाखा. आसपासच्या कारागिरांकडून पितळेच्या समया घ्यायच्या, पारखायच्या, बांधायच्या आणि मद्रासला धाडायच्या. तिथून त्या परदेशी जायच्या. शाखा धाकट्या मामंजींनीच तरुणपणी उघडलेली. माणसं तीन : ते, मी आणि वसंता. वसंता तमिळ, बांधाबांध आणि टपाल बघायची, आणि जगात काहीही झालं तरी ‘परवाइल्लै’ म्हणायची, म्हणजे ‘असू दे, काही बिघडत नाही’. मद्रासहून रोज सकाळी फोन यायचा : काय तयार आहे, किती आहे, केव्हा पाठवता? तो फोन धाकटे मामंजी उभे राहून घ्यायचे. वेष्टीचा, म्हणजे तिकडच्या धोतराचा, सोगा सारखा करून, चपला काढून. मी एकदा विचारलं, अहो, त्यांना तुम्ही दिसता का? तर म्हणाले, ‘ते मज पाहत नाहींत, हें खरें. पण मी त्यांशीं बोलतों आहें ना?’  फोन ठेवला की चपला घालून ते निघायचे, प्रत्येक भट्टीवर जाऊन समया डोळ्यांनी बघायचे, बोटाने वाजवायचे, आणि दुपारी मद्रासला उलट फोन करायचे. त्यांचा दिवस म्हणजे या दोन फोनांमधली पायपीट, आणि त्या पायपिटीवर त्यांचा सगळा जीव होता.

त्यांच्या तीन भाषा होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेल्या होत्या. तमिळ बाहेरच्या जगासाठी. इंग्रजी पत्रासाठी. आणि मराठी फक्त घरच्या माणसांसाठी आणि देवासाठी. ही शिस्त ते कधी मोडत नसत. म्हणून नव्वदीच्या मध्यावर मद्रासने आमच्या माळ्यावर तीन कॉम्प्युटर पाठवले तेव्हा मी कान टवकारून बसले, की हे त्यांच्याशी काय बोलतात. खोकी उघडली, तिन्ही यंत्रं टेबलांवर मांडली, गंध-कुंकू-फूल झालं. मग यांनी पहिल्या यंत्राच्या पडद्यासमोर वाकून अगदी हळू विचारलं, ‘प्रवास नीट जाहला काय?’

मराठीत! मी वसंताकडे बघितलं. तिला अक्षर कळलं नव्हतं, पण एवढं समजलं, की यंत्रं घरची झाली.

त्यानंतर त्या तिघांचे जे लाड झाले ते माझ्या नवऱ्याचे त्याच्या आईनेही केले नसतील. राहुकाळात त्यांना चालू करायचं नाही. आधीपासून चालू असतील तर हरकत नाही, कारण सुरू झालेलं काम अडवायचं नाही हा दुसरा नियम. संध्याकाळी बंद करताना ‘आतां निजा’. प्रत्येक नव्या फ्लॉपीला आत घालण्याआधी कागदी लेबलावर गंधाचा ठिपका. लेबल वर, ठिपका लेबलावर, फ्लॉपी आत, काम फत्ते. तीन-चार वर्षं हे चाललं आणि एकही फ्लॉपी दमली नाही. मद्रासचा साहेबसुद्धा एकदा म्हणाला होता, की सगळ्या शाखांत तुमच्याच फ्लॉप्या चांगल्या चालतात. त्या दिवसापासून तर गंधाला सरकारी मंजुरीच मिळाली.

एक गोष्ट मात्र मला जेरीला आणायची. मी कॉम्प्युटरवरची जुनी पत्रं पुसून जागा करायचे. पुसलेलं सगळं पडद्यावरच्या त्या कचऱ्याच्या टोपलीत जातं, हे मीच त्यांना हौसेने दाखवलेलं. मग काय, रोज घरी निघताना ते त्या टोपलीत डोकावायचे आणि एकेक पत्र बाहेर काढून जागच्या जागी ठेवायचे. मी म्हटलं, अहो, या गिऱ्हाइकाला जाऊन वर्षं लोटली, त्याला लिहिलेलं पत्र कशाला हवं? तर म्हणाले, ‘तो गेला म्हणून पत्रही जावें काय?’ पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी पुसणंच सोडलं. तीनही यंत्रांची पोटं तुडुंब भरली.

नव्वदीच्या अगदी शेवटाला, मद्रासचं चेन्नई होऊन लोकांना त्याची सवय लागत होती तेव्हा, एका सकाळी फोन आला. धाकटे मामंजी उभे राहिले, चपला काढल्या. बराच वेळ ‘सरि सार, सरि सार’ म्हणजे ‘बरं साहेब, बरं साहेब’ चाललं. फोन ठेवला तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. कंपनीने इंटरनेटवर स्वतःचं पान काढलं होतं. यापुढे काय तयार आहे, किती आहे, हे सगळं शाखांनी त्या पानावर भरायचं. ते पान आमच्याकडच्या जुन्या ब्राउझरवर उघडत नव्हतं. नवा ब्राउझर एका सीडीवर घालून पाठवतो आहोत, पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आत तिन्ही यंत्रांवर चढवा. ज्या शाखेला जमणार नाही तिचं काम चेन्नईला हलवलं जाईल, शाखा बंद. ‘मुली,’ ते म्हणाले, ‘हें आपणांस केलेंच पाहिजे. तीं माणसें भट्टीजवळ बसून आहेत. कोणी जाऊन पाहिलें नाहीं तर कसें?’ भट्टीवरच्या माणसांना आणखी चार व्यापारी ओळखत होते, हे मला ठाऊक होतं. त्या माळ्यावाचून ज्यांना दुसरं काही नव्हतं ते माझ्यासमोर उभे होते, आणि तेही मला ठाऊक होतं.

सीडी आली. आम्ही तिघांनी तोवर फ्लॉपीच पाहिलेली. ही म्हणजे चकचकीत तबकडी : एका बाजूला कंपनीचं नाव छापलेलं, दुसरी बाजू आरशासारखी. धाकट्या मामंजींनी पंचांग पाहून वेळ काढली, चंदन उगाळलं, तबकडी दोन्ही हातांत धरून उलटसुलट केली आणि क्षणभर अडले. गंध कोणत्या बाजूला? मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत, फ्लॉपीला लेबलावर लावता ना? ते विचार करून म्हणाले, ‘नाहीं. अक्षरें असतात ती पाठ. पोथीच्या पुठ्ठ्यावर नांव असतें तशी. ज्यांत आपलें तोंड दिसतें, तेंच हिचें तोंड.’ मला पटलं. वसंतालाही पटलं. आरशासारख्या बाजूवर बोटभर ओलं गंध, त्यावर कुंकवाचा टिळा, आणि तबकडी आत. यंत्राने घरघर केली, पडद्यावर निळी पट्टी हलली, थोडी पुढे सरकली आणि थांबली. पाटी आली, की एक फाईल वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. पुन्हा तेच.

दुसऱ्या यंत्रावर पट्टी थोडी जास्त गेली. तिसऱ्यावर हललीच नाही. मग आमचे जे दिवस सुरू झाले, त्यांची आठवण झाली तरी मला अजून हसू येतं. चेन्नईच्या साहेबाने फोनवर सांगितलं, डिस्कवर जागा करा. आता आली का पंचाईत! धाकटे मामंजी अख्खा दिवस पत्रं निवडत बसले. तांदळातले खडे निवडावेत तसं एकेक पत्र वाचायचे, ठेवायचे, पुन्हा वाचायचे. संध्याकाळपर्यंत त्यांनी मन घट्ट करून फक्त दिवाळीच्या छापील शुभेच्छा पुसल्या, आणि त्याही आधी मला मोठ्याने वाचून दाखवल्या. शेवटी मी सगळी पत्रं फ्लॉप्यांवर उतरवून घेतली तेव्हा कुठे जागा झाली. तबकडीला ताजं गंध, तबकडी आत. पट्टी थांबली. साहेब म्हणाला, बाकीचे प्रोग्रॅम बंद करा. केले. ताजं गंध. पट्टी थांबली. साहेब म्हणाला, व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम काढून टाका, तोच अडवत असेल. काढला. व्होल्टेज कमी असेल म्हणून स्टॅबिलायझर बदलला, त्यालाही गंध. टेबलं पूर्वेला तोंड करून फिरवली. वसंताने यंत्रांवरून लिंबू उतरवून रस्त्यावर टाकलं, ते एका ऑटोरिक्षाखाली चिरडलं, आणि ती म्हणाली, झालं, दृष्ट गेली. पट्टी थांबलीच. टेलिफोनच्या तारेवरून ब्राउझर उतरवून घेऊ म्हटलं, तर खालचा भांडेवाला मध्येच आपला जोडफोन उचलायचा आणि सगळं मुसळ केरात.

चेन्नईने दुसरी सीडी धाडली. पाकिटातून निघताच तिला गंध लागलं. घोडं कुठे पेंड खातंय ते कुणालाच कळेना, कारण आमच्या तिघांच्या मते त्या सगळ्या गडबडीत एकच गोष्ट अगदी बिनचूक होत होती, ती म्हणजे गंध.

पोंगल जवळ आला. बाजारात उसाच्या मोळ्या आणि हळदीची रोपं दिसायला लागली. धाकट्या मामंजींचं जेवण कमी झालं. भट्ट्यांची चक्कर मात्र त्यांनी एक दिवस चुकवली नाही. परत आले की यंत्रासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि त्याच्याशी बोलायचे. एकदा मी टाइप करता करता ऐकलं : ‘कां रे कोपला आहेस? आमचें कांहीं चुकलें असेल तर सांग. येथून गेलास तर तुज कोण असें पाहील? आणि आम्ही तरी कोठें जाऊं?’ माझ्या बोटांखालची अक्षरं चुकली. मी उठून कॉफी आणायला खाली गेले, कारण मला तिथे रडायचं नव्हतं.

अखेर तिरुचीहून इंजिनीयर आला. चांगला पोक्त, घामाघूम झालेला गृहस्थ, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात अवजारांची पिशवी. आधी त्याने कॉफी घेतली, मग तिन्ही यंत्रांची पाठ उघडली, आत फुंकर मारली, बऱ्याच गोष्टी काढल्या आणि परत लावल्या. धाकटे मामंजी प्रत्येक स्क्रूला हात पुढे करून उभे, शस्त्रक्रियेला नातेवाईक उभे असतात तसे. मग इंजिनीयरने सीडी मागितली. धाकट्या मामंजींनी ती रेशमी फडक्यातून काढली, सहाणेवरचं ओलं गंध लावलं आणि अदबीने त्याच्या हातात दिली.

इंजिनीयरने सीडीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘पेरियवर,’ तो तमिळमध्ये म्हणाला. पेरियवर म्हणजे वडीलधारे, तिकडे मोठ्या माणसाला मानाने असंच म्हणतात. ‘हे रोज लावता?’

‘दर वेळी,’ धाकटे मामंजी तमिळमध्येच, पण अभिमानाने म्हणाले. ‘एकदाही चुकवलं नाही.’

तो माणूस हसला नाही, याबद्दल मी त्याला जन्मभर दुवा देईन. त्याने तबकडी उजेडात धरून शांतपणे समजावलं, की अक्षरांची बाजू ही पाठ हे तुमचं बरोबर आहे. पण ही दुसरी बाजू नुसती बघायची नाही. यंत्राच्या आत एक बारीकसा डोळा असतो, तो या बाजूवर प्रकाश टाकून वाचतो. हिच्यावर काही लागलं, की त्याला वाचता येत नाही. आणि ओलं चंदन गरगर फिरलं, की उडून त्या डोळ्यावरही बसतं. मग दुसऱ्या तबकडीचाही उपयोग नाही.

धाकट्या मामंजींनी आपल्या गंधाच्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘म्हणजे इतके दिवस मी त्याचे डोळ्यांत कुंकूं घालीत होतों?’

मला हसू फुटणार होतं, पण त्यांच्याकडे बघून ते जिथल्या तिथे विरलं. त्यांचे स्वतःचेच डोळे भरले होते. ते एकेका यंत्राजवळ गेले, चुकून कुणाला पाय लागला की आपण हात लावून नमस्कार करतो तसा प्रत्येकाला हात लावला आणि पुटपुटले, ‘ठाऊक नव्हतें रे. ठाऊक नव्हतें.’ इंजिनीयर मराठी न कळताही मान खाली घालून उभा राहिला. मग त्याने तबकडी पाण्याने धुतली, मऊ कापडाने टिपली, कापूस आणि स्पिरिटने तिन्ही डोळे पुसले. आणि तबकडी आत घालण्याआधी स्वतःच धाकट्या मामंजींच्या पुढे केली. म्हणाला, ‘आता पाठीवर लावा. थोडंसं, आणि वाळू द्या.’ वाळेपर्यंत आम्ही चौघे ती तबकडी मध्ये ठेवून बसून राहिलो.

निळी पट्टी सरकली ती थेट शेवटाला गेली. दुपार संपायच्या आत तिन्ही यंत्रांवर नवा ब्राउझर चढला. मॉडेम किंचाळला, आणि पडद्यावर कंपनीचं पान उलगडलं. वरच्या कोपऱ्यात आमच्या इथल्याच एका समईचं चित्र होतं. धाकटे मामंजी खुर्चीतून उठले. ‘हिला मी ओळखतों,’ म्हणाले. ‘हिच्या तिसऱ्या थाळीस बारीक खळी आहे, पाहा.’ खळी खरंच होती. त्यांनी पडद्याला नमस्कार केला. वसंताने खालून गरम केसरी, म्हणजे तिकडचा केशरी शिरा, आणली, इंजिनीयरने दोनदा घेतली, आणि पोंगलला आमच्या घरी त्या वर्षी दुप्पट गोड झालं. ‘शाखा राहिली,’ ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. ‘यंत्राचा दोष नव्हता बरें. आमचाच होता.’

त्यानंतर ते पान फार छान चालू लागलं. इतकं छान, की मला आता त्याचा राग येतो. आम्ही सकाळी आकडे भरायचो, चेन्नईला ते तिथल्या तिथे दिसायचे. मग सकाळचा फोन एक दिवसाआड यायला लागला. मग आठवड्यातून एकदा. मग यायचाच थांबला. धाकटे मामंजी त्या वेळी चपला काढून बसून राहायचे. मी म्हणायचे, अहो, आता फोन नाही यायचा, त्यांना सगळं दिसतं. ते म्हणायचे, ‘दिसत असेल. पण समई वाजवून कोण पाहतें?’ पुढे कंपनीने दोन मोठ्या भट्टीवाल्यांच्या मुलांनाच ते पान भरायला शिकवलं. आणि उन्हाळा सुरू होता होता फोन वाजला. ते धडपडून उभे राहिले, सोगा सारखा केला. ‘सरि सार. सरि सार.’ या वेळी फार वेळ लागला नाही. रिसीव्हर हळूच ठेवून त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं. ‘चालूं जाहलें,’ म्हणाले, ‘म्हणून बंद करताहेत.’

वसंताने नेहमीसारखं ‘परवाइल्लै’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्या रविवारी जेवताना आमच्या ह्यांनी वातावरण हलकं करायला म्हणून म्हटलं, ‘काका, तें गंध तसेंच राहूं दिलें असतें तर ऑफिस अजून चार दिवस वांचलें असतें.’ सगळे हसले. धाकटे मामंजीही थोडे हसले. मग ताकभात कालवत म्हणाले, ‘नाहीं रे. पोंगल सरतांच बंद जाहलें असतें. आणि वांचलें असतें तरी काय? नव्या वस्तूस गंध लावावें, आणि येणारें काम अडवूं नये. ह्या दोनच गोष्टी मज ठाऊक. एकीपायीं दुसरी मोडली, तें माझें अज्ञान. जाणून मोडली असती तर तें पाप.’ 

यंत्रं न्यायला चेन्नईहून टेम्पो आला तेव्हा त्यांनी ती स्वतः बांधली. आमच्या मराठीत कुणी ‘जातो’ म्हणून निघत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि निरोप देणाराही ‘या’ म्हणतो. टेम्पोत एकेक खोकं चढलं तसं ते प्रत्येकाला ‘या हो’ म्हणत राहिले. टेम्पोवाल्याला वाटलं त्यालाच हाक मारतायत, तो दर वेळी खाली उतरून यायचा. कंपनीने त्यांना आठवण म्हणून काय हवं ते विचारलं होतं. एक मोठी समई मिळाली असती. त्यांनी ती सीडी मागून घेतली.

त्यानंतरही कैक दिवस ते ठरल्या वेळी छत्री घेऊन बाहेर पडायचे. माळ्याच्या जिन्यापर्यंत जायचे, आता तिथे कपड्यांचं गोदाम झालं होतं, आणि तिथून भट्ट्यांकडे वळायचे. कारागीर त्यांना बसायला घडवंची द्यायचे, तयार समया समोर मांडायचे. ते वाजवून बघायचे आणि ‘ही उत्तम, ही दमली आहे’ असं सांगायचे. विकत घेणारे ते नव्हते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दमलेली म्हटलेली समई कुणी पुढे पाठवत नसे. दुपारी घरी येऊन ते टेलिफोनजवळ थोडा वेळ उभे राहायचे. मग मला विचारायचे, ‘मुली, कोणी विचारलें काय?’ मी म्हणायचे, अजून नाही, मामंजी. ‘सरि,’ म्हणून ते आपल्या मागच्या खोलीत जायचे.

खंडेनवमीला तिकडे सरस्वतीची पूजा असते. पोथ्या, हत्यारं, सगळं देवीपुढे मांडतात, आणि त्या दिवशी कशालाच हात लावत नाहीत. धाकटे मामंजी पोथ्यांच्या चळतीवर ती सीडी ठेवायचे, अक्षरं वर करून, आणि गंधाचा ठिपका अगदी नेमका अक्षरांच्या बाजूला लावायचे. बोट कापत असलं तरी कडेवरून खाली एक थेंब ओघळू द्यायचे नाहीत. लावून झालं की तबकडी उचलून खालून नीट बघायचे. ‘डोळा स्वच्छ आहे ना, पाहा,’ मला म्हणायचे. मी म्हणायचे, स्वच्छ आहे.

ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पूजा मी करते. सीडी अजून आहे, पण ती जिच्यात घालावी अशी फट आमच्या घरातल्या एकाही यंत्राला उरलेली नाही. गेल्या नवमीला चंदन उगाळून झालं, ठिपका लावायला बोट पुढे केलं आणि मी थांबले. तबकडी उलटी केली. आरशासारख्या बाजूला, जिथे त्यांनी पहिल्या दिवशी हौसेने लावलं होतं तिथे, बोटभर ओलं गंध लावलं, वर कुंकू टेकवलं. आता कुणाचं वाचायचं अडत नाही, कुणाची शाखा राहत नाही की जात नाही. गंधाच्या बाजूला माझं म्हातारं होत चाललेलं तोंड दिसत होतं. म्हटलं, मामंजी, तोंड हेच हो. तुमचं काही चुकलं नव्हतं.